ब्रेक येईपर्यंत

"मॅडम, आनंदाची बातमी आहे. तुमचं किट जहाजावर चढलंय."

"हे तुम्ही मला दसऱ्यालाही सांगितलं होतं."

"तेव्हा ते चढणार होतं, मॅडम. आता खरंच चढलंय."

केतकी चिटणीस पुण्याच्या शोरूममधून बोलत होती. तिचा आवाज इतका गोड होता, की भांडायला म्हणून फोन केलेला माणूसही शेवटी तिचेच आभार मानून फोन ठेवायचा. मार्गशीर्षातला रविवार होता. दुपारची जेवणं चालली होती. माझा हात भाकरीत अडकलेला, म्हणून फोन टेबलावर स्पीकरवर टाकला होता. समोर आप्पा, म्हणजे माझे वडील, वरण्याच्या आमटीत भाकरी कुस्करत होते. गेल्या दोन वर्षांत जेवताना 'मीठ दे' यापलीकडे ते फारसं बोललेले नव्हते.

मी फोन ठेवला आणि आप्पा म्हणाले, "कसली चकती म्हणायची ती?"

मी घास पुन्हा ताटात ठेवला.

"अगं, तुझ्या गाडीची. तीन महिने झाले ती बाई तुला तारखा देतीय. येणार ते नेमकं हाय तरी काय?"

मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. कोल्हापुरातल्या दोन हॉस्पिटलांत भूल द्यायचं काम करत होते. लग्न केलं नव्हतं, दागिन्यांची हौस नव्हती, आणि वेगाची मात्र लहानपणापासून होती. म्हणून मी एक विजेवरची गाडी घेतली होती. जागेवरून शंभराचा वेग गाठायला तिला तीन सेकंद लागायचे, आणि एवढं करून आवाज काहीच नाही. आमच्या कॉलनीतल्या लोकांना पहिला महिनाभर वाटत होतं, की डॉक्टरीणबाईंची नवी गाडी बंद पडली आहे आणि उतारावर आपोआप चालली आहे.

श्रावणात मी ती गाडी कोइमतूरच्या ट्रॅकवर घेऊन गेले होते. पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. तिसऱ्या फेरीत लांब सरळ पट्टा संपताना मी ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात पाय जावा तसं खाली गेलं. गाडी वळणाऐवजी सरळ खडीच्या खड्ड्यात शिरली. मला खरचटलंही नाही. पण गाडीच्या पोटात इतकी खडी भरली, की माझा मेकॅनिक फिरोज मुजावर दोन दिवस ती वेचत बसला होता. "डॉक्टर," तो म्हणाला होता, "ही गाडी पळायला वाघ आहे. पण बॅटरीमुळं वजन हत्तीचं. थांबवायला साधी चकती पुरायची नाही. कार्बन सिरॅमिकचे ब्रेक आल्याशिवाय मी ह्या गाडीला ट्रॅकवर हात लावणार नाही. आईशप्पथ."

ते ब्रेक मी गणपतीत मागवले होते. सहा आठवड्यांत येणार होते. पुढची स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटी होती, फक्त विजेवरच्या गाड्यांची. एकेका गाडीने एकटीने धावायचं आणि वेळ मोजायची.

हे सगळं मी आप्पांना थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे चकती लोखंडाची न्हाई?"

"नाही. कार्बन आणि सिरॅमिक. म्हणजे कोळसा आणि चिनीमातीच्या जातीचं काहीतरी एकत्र भाजतात. हजार अंशांपर्यंत तापली तरी काही होत नाही."

"आणि लोखंडाला काय झालं?"

"लोखंड दमतं, आप्पा," मी सहज बोलून गेले.

आप्पांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि खोलीत गेले. मी जीभ चावली.

आप्पांचं, शिवलिंग शिंत्र्यांचं, सगळं आयुष्य लोखंडात गेलं होतं. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची छोटी फाउंड्री होती. एकतीस वर्षं त्यांनी ब्रेकचे ड्रम आणि चकत्या ओतल्या. ट्रकच्या, टेम्पोच्या, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या ओतकामातला एक ड्रम पन्हाळ्याच्या उतारावर तडकला. ट्रॉली उलटली, ऊस रस्ताभर पसरला, ट्रॅक्टरवाल्याचा हात मोडला. माणूस बचावला, हात जुळला, तो पुन्हा ट्रॅक्टर चालवायलाही लागला. आप्पांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. पण तो ड्रम ओतला त्या दिवशी धातू जरा थंड पडल्याचं आप्पांना कळलं होतं, आणि घाईत ते 'चालतंय' म्हणाले होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यानंतर त्यांनी मोठी भट्टी विकली, कामगारांना शेजारच्या फाउंड्र्यांत कामं मिळवून दिली आणि शेडला कुलूप घातलं. कोणी विचारलं तर सांगायचे, "मी रिटायर." मग बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहायचे.

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशनं आटपून घरी आले, तर बाल्कनी रिकामी. स्कूटर नाही. फोन उचलेनात. मी काळजीने दोन-तीन ठिकाणी चौकशी केली आणि शेवटी शिरोलीला गेले. शेडचं कुलूप निघालेलं होतं. आत आप्पा बनियनवर उभे होते आणि त्यांच्यासमोर सत्तरीचे दत्तोबा सुतार कमरेवर हात ठेवून उभे होते. दत्तोबा म्हणजे आप्पांचे साचे करणारे. ओतकामाआधी लाकडात हुबेहूब वस्तू घडवायची, तिच्यावर वाळू दाबायची आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. त्यातलं लाकूडकाम दत्तोबांचं.

"मालक, तुमचं डोस्कं फिरलंय," दत्तोबा म्हणत होते. "आतनं अशा वाकड्या पाकळ्या? वाळू निघायची कुठनं?"

"तू काढशील तिथनं."

"आनि न्हाई निघाली तर?"

"तर तुझ्या मिशा काढू. ये संयू, बस. त्या गाडीची पुढची चकती काढून आण मला. दोन दिवसांसाठी."

"आप्पा, कशाला?"

"बघायला."

मी फिरोजकडून चकती काढून आणली. आप्पांनी ती तीन दिवस नुसती पाहिली. मापं घेतली, करवतीने मधोमध कापली (मी नवी मागवली, दुसरं काय करणार?), आणि आतल्या पोकळीत बोट घालून बसले. ब्रेकची चकती म्हणजे दोन पातळ ताटं आणि त्यांच्यामध्ये पाकळ्या. चाक फिरलं की पाकळ्यांमधून वारा वाहतो आणि चकती गार होते. बाहेरचं माप बदलायचं नाही, नाहीतर ती ब्रेकमध्ये बसणार नाही. पण आतली वाऱ्याची वाट बदलता येते. धातूत कार्बन थोडा वाढवला तर उष्णता लवकर पसरते. हे सगळं आप्पा मला रात्रीच्या जेवणात सांगायला लागले. मीठ मागायचं विसरले.

"हे तुमच्या त्या किटापर्यंतचं हाय हां," ते म्हणायचे. "ते आलं की हे काढून टाकायचं. तवर गाडी उभी कशाला ऱ्हायला पायजे?"

"बरोबर आहे," मी म्हणायचे.

केतकीचे फोन चालूच होते. किट जहाजावर चढलं होतं, पण जहाज भलत्याच बंदरात गेलं. मग ते योग्य बंदरात आलं, पण कंटेनर उतरला नाही. मग उतरला, तर कागदांवर चकत्यांऐवजी चाकांचा नंबर पडला होता. पूर्वी मी चिडायचे. आता प्रत्येक नव्या अडचणीनंतर मला सुटल्यासारखं वाटायला लागलं. एकदा मी चक्क म्हणाले, "काही घाई नाही हो, सावकाश येऊ दे." नंबर बरोबर लागलाय ना, ते केतकीने पुन्हा विचारून घेतलं. एवढ्या वर्षांत तिला असं कोणी म्हटलं नसणार.

शेडमध्ये ताडपत्रीखाली शंभर किलोची एक छोटी भट्टी राहिली होती, पूर्वी नमुने काढायला वापरायचे ती. संक्रांतीनंतर एका सकाळी ती पेटली. मी सुट्टी काढून गेले होते. आप्पांनी जुना निळा चष्मा लावला होता. धातूचा रंग बघताना ते कोणाशी बोलत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पहिली चकती फसली, पाकळीत वाळू अडकली. दुसरी फसली. तिसऱ्या खेपेला दोन चांगल्या निघाल्या. लेथवर घासून आल्या तेव्हा त्यांच्यात तोंड दिसत होतं. तपासणीच्या लॅबने दोन्ही निर्दोष असल्याचं लिहून दिलं. दत्तोबांनी त्या घेऊन शेजारच्या तीन फाउंड्र्यांत मिरवून आणल्या.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, सोमवारी, किट आलं.

मी दिवसभर थिएटरमध्ये होते. फोन बंद होता. संध्याकाळी बाहेर आले तर हॉस्पिटलच्या दारात लाकडी खोकं उभं. पत्ता मीच हॉस्पिटलचा दिला होता. मी स्वागतकक्षातल्या मुलींच्या मदतीने ते चादरींच्या खोलीत सरकवलं आणि फिरोजला बोलावलं.

फिरोज खोक्याभोवती दोनदा फिरला. "आलं की हो! उद्या बसवतो."

"नको."

"का?"

"आप्पांना सांगायचं नाही अजून."

"डॉक्टर," फिरोज हळूच म्हणाला, "आप्पांबद्दल मला आदर आहे. पण आपण बोलतोय ते दोनशेच्या वेगाबद्दल. श्रावणात नशीब चांगलं होतं."

मला ते कळत होतं. रोज मी लोकांना बेशुद्ध करते आणि पुन्हा जागं करते. अंदाजावर काही करायचं नसतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. आणि तो पन्हाळ्याचा ड्रमही मी विसरले नव्हते. पण आदल्याच दिवशी मी शेडवर गेले होते, तेव्हा आप्पा वाळू चाळत होते आणि चाळता चाळता कुठलंसं जुनं गाणं गुणगुणत होते. त्यांचा सूर भयंकर होता. तो सूर बंद करायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "किट सोबत नेऊ. तिथं गेल्यावर ठरवू."

शुक्रवारी दुपारी मी शेडवर गेले, तर दत्तोबा बाहेर पायरीवर बसले होते. चेहरा लाल.

"बघा जाऊन तुमच्या आप्पांचं," ते म्हणाले. "आता मला काय इचारू नका."

आत दोन्ही चकत्यांचे तुकडे पडले होते. बाजूला मोठा घण भिंतीला टेकवून ठेवलेला. आप्पा खुर्चीत बसून घाम पुसत होते.

संपलं, मला वाटलं. पुन्हा धीर सुटला. आता कुलूप, पुन्हा बाल्कनी.

"आप्पा, काय झालं?"

"नीट नव्हत्या."

"लॅबनं तर चांगल्या म्हटलंय."

"लॅब म्हणतीया. मी न्हाई म्हणत." त्यांनी एक तुकडा उचलून मला दाखवला. "हे बघ. एका बाजूचं ताट अर्धा मिलिमीटर जास्त जाड. साचा ओतताना सरकला. दिसतंय?"

मला काही दिसत नव्हतं. किट आलंय, हे तेव्हाच सांगून टाकावं, त्यांची सुटका करावी, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "स्पर्धेला दिवस किती राहिले?"

"बावीस."

"रग्गड झाले. जा, दत्तोबाला आत बोलव. रुसलाय तो. चहा सांग त्याला, आलं घालून."

किटाची गोष्ट तशीच ठेवून मी दत्तोबांना आत बोलावलं. चहा सांगितला.

पुढचे पंधरा दिवस ती दोन म्हातारी माणसं तरण्यांसारखी राबली. दत्तोबांनी साचा नव्याने केला. आप्पा ओतकामाच्या दिवशी पहाटे उठून गेले. नवी जोडी आली, ती त्यांनी स्वतः चार जागी मोजली, मग पुन्हा आठ जागी. मग साखर कारखान्याच्या मागच्या सरळ रस्त्यावर आम्ही त्या गाडीला लावून, नवे ब्रेक तापवून रुळवतात तशा, बसवून घेतल्या. शंभरवर न्यायचं, दाबायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा. असं तीस वेळा. फिरोज प्रत्येक वेळी उतरून उष्णता मोजायचा आणि वहीत आकडा लिहायचा. तिसाव्या आकड्यानंतर त्याने वही मिटली आणि नुसतं "हं" म्हणाला. फिरोजचं "हं" ही मोठी गोष्ट होती.

कोइमतूरला गाडी मालवाहू गाडीवर चढवून नेली. आम्ही तिघं फिरोजच्या जीपमध्ये. मागे चादरीखाली लाकडी खोकं. आप्पांनी वाटेत तीनदा त्या खोक्यावर कोपर टेकवून डुलकी काढली. मी आणि फिरोज आरशातून एकमेकांकडे बघायचो आणि पुन्हा रस्त्याकडे.

सकाळच्या सरावाच्या वेळी फिरोज माझ्याजवळ आला. आप्पा पाणी प्यायला गेले होते.

"डॉक्टर, आता सांगा. खोकं उघडू? आत्ता लावले तर सरावात तापवून घेता येतील."

पुढे सरळ पट्टा दिसत होता. त्याच्या टोकाला तीच खडी. मी तीस आकडे आठवले. ते घणाचे तुकडे आठवले. आणि मला एकाएकी लख्ख वाटलं, की लॅबने पास केलेली वस्तू जो माणूस स्वतःच्या हाताने फोडतो, त्याच्या वस्तूवर मी पाय ठेवायला हरकत नाही.

"नको," मी म्हणाले. "आहे तसंच."

"मी बी बसणार गाडीत," मागून आवाज आला. आप्पा.

"आप्पा, काहीतरीच काय! तुम्ही एकाहत्तर वर्षांचे."

"मग? वजन पंचावन्न किलोच हाय. विचार त्यांना, चालतंय का."

सरावाला शेजारी माणूस चालत होता. आयोजकांचा माणूस हसला आणि त्याने हेल्मेट दिलं. आप्पांनी गांधी टोपी काढली, नीट घडी घालून फिरोजच्या हातात दिली आणि हेल्मेट घातलं. आरशात पाहून म्हणाले, "दत्तोबा बघायला पायजे होता."

पहिली फेरी मी जपून मारली.

"अशी चालवायची असती तर रिक्षा केली असती," आप्पा म्हणाले.

दुसरी फेरी जोरात. सरळ पट्ट्यावर गाडी सुटली तेव्हा त्यांची पाठ खुर्चीला चिकटली आणि तोंडातून "आईऽऽ" निघालं. वळणाआधी मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, म्हणजे हवी तेवढी थांबली, आणि वळली. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"गप. ऐकू दे."

तेव्हा मला कळलं. ह्या गाडीला इंजिनचा आवाज नव्हता. वारा, टायर, आणि दाबलं की चकतीचा एक खर्जातला घरघराट. आप्पा डोळे मिटून, मान चाकाकडे कलवून तो ऐकत होते. एकतीस वर्षं त्यांनी ब्रेक ओतले, पण ते काम करताना इतक्या जवळून कधी ऐकले नसतील. ट्रकमध्ये कुठे ऐकू येतात?

तिसरी फेरी. सरळ पट्टा. दोनशे. खडी समोर मोठी होत आली. मी पाय दाबला.

पेडल दगडासारखं घट्ट.

चौथी. पाचवी. सहावीला मी हसायला लागले होते. आप्पा डोळे मिटूनच बोटं मोजत होते.

गाडी आत घेतली. फिरोजने धावत येऊन उष्णता मोजली आणि वही न काढताच मला अंगठा दाखवला. आप्पांनी हेल्मेट काढलं. केस उभे राहिले होते, डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं म्हणावं तर काचा बंद होत्या.

"झकास," ते म्हणाले. "आता ते खोकं उघडा."

फिरोजची नजर जीपकडे गेली.

"कुठलं खोकं?" मी म्हणाले.

"ज्याच्यावर मी कोल्हापूरपासनं झोपत आलो ते. संयू, त्या केतकीला तू दुसरा नंबर कुणाचा दिलायस?"

मी दिला होता. आप्पांचा. गणपतीत, फॉर्म भरताना.

"त्या सोमवारी तुझा फोन लागंना म्हणून तिनं मला केला. लई गोड बोलती पोरगी. काका, किट पोचलं, अभिनंदन, म्हणाली."

"आणि तुम्ही इतके दिवस..."

"तू सांगशील म्हणून थांबलो. सोमवारी न्हाई सांगितलंस. मंगळवारी न्हाई. बुधवारी न्हाई." त्यांनी टोपी घेतली, झटकली, पण घातली नाही. "तवर मला काय वाटत होतं सांगू? म्हाताऱ्याला गुंतवून ठेवायला तू खेळणं दिलंयस. किट आलं की माझ्या चकत्या जाणार कपाटावर. म्हणून मीबी तेवढ्यापुरतंच करत होतो. लॅब पास म्हणाली, मी म्हटलं चालतंय. गुरवारी रात्री डोळा लागंना. किट हातात असून ही पोरगी सांगत न्हाई, म्हणजे ही खरंच माझी चकती लावून पळणार. उठलो, सकाळी जाऊन पुन्हा मोजली. अर्धा मिलिमीटर."

मी हातातलं हेल्मेट बॉनेटवर ठेवलं.

"तू नसतं लपवलंस तर मी ती फोडली नसती," आप्पा म्हणाले.

फिरोजने नाक ओढलं आणि उगाच चाकाशी वाकून बसला. मग म्हणाला, "आप्पा, पण सराव संपला. ते नवे आता बसवले तरी आज पळता यायचं नाही. तेही आधी तापवून बसवून घ्यावे लागतात."

"मग पळू दे की ह्याच्यावर. मी काय नको म्हटलंय? मला फक्त बघायचं हाय."

दुपारी स्पर्धा झाली. नऊ गाड्या होत्या. माझी तिसरी आली. पहिल्या दोघींना कार्बन सिरॅमिकचे ब्रेक होते. पहिलीत आणि माझ्यात दीड सेकंदाचं अंतर. मला एक छोटा करंडक मिळाला. तो घेऊन मी आले, तर माझा विजय साजरा करायला तिथे कोणी नव्हतं. आप्पा आणि फिरोज जीपच्या मागे जमिनीवर बसले होते. खोकं उघडलेलं. करडी, खरखरीत, मोठ्या परातीएवढी चकती आप्पांच्या मांडीवर होती. ते तिच्यावरून अंगठा फिरवत होते, तिला उचलून कानाशी नेऊन टिचकी मारत होते.

"अगं, हिला वजनच न्हाई!" ते मला बघून म्हणाले. चेहरा असा, जसा दुसऱ्याच्या बाळाला घेतल्यावर होतो. "पापडासारखी हाय. धर, धर हातात. काय केलंय गं माणसांनी! हे भाजतात कसं? किती दिवस? तुला म्हाईत हाय?"

"नाही, आप्पा."

"बेस्ट वस्तू. पुढल्या वेळी हीच लाव. मला शेजारी बसव, हिचा आवाज ऐकायचाय."

"मी तिसरी आले," मी म्हणाले.

"कळलं मला. फिरोजनं सांगितलं. तिसरी म्हणजे चांगलंच की." त्यांनी चकती जपून खोक्यात ठेवली, हात झटकले आणि खिशातून फोन काढला. दत्तोबांना लावला. दत्तोबांना कमी ऐकू येतं, म्हणून आप्पा ओरडून बोलत होते आणि आजूबाजूचे लोक वळून बघत होते.

"तिसरी! हां, तिसरी! शिव्या नको घालू, नऊ गाड्या होत्या... न्हाई, काय तडकली न्हाई. सहा फेऱ्या मारल्या मी आत बसून, कळलं का? ...अरे ऐक माझं. पहिल्या आलेल्याला होती तसली चकती मी हातात घेऊन बघितली. आपल्याला न्हाई जमणार तसली, ती वेगळीच विद्या हाय. पण पाकळ्या अजून जरा वाकवल्या ना, आणि मधलं वजन थोडं काढलं..."

पलीकडून दत्तोबा बराच वेळ काहीतरी बोलले. मग आप्पा माझ्याकडे पाठ करून, ट्रॅककडे बघत म्हणाले,

"ते मला म्हाईत न्हाई कुणासाठी. पण लोखंडात अजून दीड सेकंद शिल्लक हाय, दत्तोबा. सोमवारी ये."